पावतीताई मागच्या सीटवर

आमच्या नणंदबाई पावत्या फाडतात. चेष्टा नाही, कामच आहे त्यांचं ते. मोठ्या चौकातल्या सिग्नलवर कॅमेरा बसवलाय. कुणी लाल दिवा तोडला की तो फोटो काढतो, आणि तो फोटो ट्रॅफिक ऑफिसातल्या ज्या टेबलावर जाऊन पडतो, त्या टेबलामागे त्या बसतात. सगळं गाव त्यांना पावतीताई म्हणतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझ्यात आहे, आणि तीसुद्धा भांडताना येते.

सख्ख्या भावालाही त्यांनी सोडलेलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा दवाखान्यासमोर गाडी लावली, "दोन मिनिटांत येतो" म्हणून. आले तर काचेवर पावती, आणि पावती लावणाऱ्या ताई त्याच गाडीत मागे बसून घरी यायला तयार! वर म्हणतात कशा, "किती वेळ लावलास रे?" आम्ही खाली राहतो, त्या वर राहतात, स्वयंपाकघर एकच. म्हणजे भांडायला कुठे लांब जावं लागत नाही.

मी गाडी शिकवते. माझ्या क्लासची एकच गाडी आहे, छपरावर पाटी आणि माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असलेली. त्या ब्रेकने आजवर किती भिंती, किती कुत्री आणि किती संसार वाचवलेत ते माझं मला माहीत. ताईसुद्धा माझ्याच विद्यार्थिनी, अगदी पहिल्या. तेव्हा मी नवीन होते आणि फार बोलायची. आता नाही बोलत. चालत्या गाडीत भाषण कोण ऐकतो? मी आता छोटी छोटी वाक्यं केलीत, ती पोरांच्या डोक्यात पक्की बसतात. "आधी आरसा, मग वळसा." "घाई तिथे खाई." आणि "पिवळा दिसला की पाय उचल." तिसऱ्यात यमक नाही, पण कामाचं वाक्य आहे.

तर त्या दिवशी मी गाडीच्या काचा पुसत होते, आणि माझी जुनी विद्यार्थिनी, नर्स, समोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. हातात कागद.

"मॅडम, तिसरी आली," ती म्हणाली.

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. नव्या लायसन्सला पहिलं वर्ष कसोटीचं असतं. लाल तोडल्याच्या तीन पावत्या झाल्या की लायसन्स जमा, आणि मग वर्षभर चाकाला हात लावायचा नाही. तिसरी पावती पटत नसेल तर ताईंच्याच टेबलापुढे सुनावणीला जायचं, तेवढी एक फट कायद्याने ठेवलीय. नर्सच्या बाबतीत लायसन्स गेलं म्हणजे काम गेलं. हॉस्पिटलने तिला एक छोटी पांढरी गाडी दिलीय आणि घरोघरी जायचं काम दिलंय. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं. त्या आधी ती वॉर्डात होती, आणि तिथे तिचा जीव गुदमरायचा. आता कुठे पोरगी फुलायला लागली होती.

शिवाय, खरं सांगायचं तर, माझी आईही तिच्या पेशंटांत आहे. चौकाच्या वरच्या अंगाला, चढावर आईचं घर. तिच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नव्हती, ती या पोरीच्या हाताने भरत आली होती. आई माझी वाट बघत नाही इतकी हिची बघते. मला याचा राग येतो आणि बरंही वाटतं.

"तू खरंच लाल तोडलास?" मी विचारलं.

"नाही हो मॅडम! मी तर तुम्ही शिकवलंत तस्संच करते. पिवळा दिसला रे दिसला की लगेच पाय उचलते. जिवाच्या आकांताने उचलते. तरी मेला लाल होतोच."

आता सांगा, अशा पोरीवर कोण अविश्वास दाखवील? ही सांगितलेलं शब्द न शब्द पाळणारी. शिकताना एकदा मी वैतागून म्हटलं, "रस्त्याकडे बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" तर पुढे आठवडाभर ही मला नमस्कारसुद्धा रस्त्याकडे बघून करायची. अशी पोर लाल तोडते? शक्यच नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोष पिवळ्याचा! तो दिवाच आखूड ठेवलाय. माणसाने थांबेपर्यंत टिकतच नाही, पापणी लवते न लवते तोच लाल. आणि मग फाडा पावत्या!

"रडू नकोस," मी म्हटलं. "या पावतीताईंना मी बघून घेते."

मी तडक चौकात गेले. घड्याळ नव्हतं जवळ, पण मला घड्याळ कशाला लागतंय? माझं वाक्य होतं. पिवळा लागला की म्हणायला सुरुवात करायची, "पिवळा दिसला की पाय उचल," आणि लाल होईपर्यंत किती वेळा म्हणून होतं ते बघायचं. आधी ट्रॅफिक ऑफिससमोरच्या सिग्नलवर म्हणून बघितलं. दोनदा झालं. मग या कॅमेऱ्याच्या चौकात, फुटपाथवर चावीवाला बसतो त्याच्या शेजारी उभी राहून म्हटलं. एकदाच झालं!

चावीवाला कानस थांबवून माझ्याकडे बघत होता. "मास्तरीणबाई, कुणाला मंत्र घालताय?"

"तुमच्या सिग्नलला," मी म्हटलं. "लबाड आहे तो."

"मी रोज बघतो की बाई त्याला. तुमच्या क्लासची मंडळी इथे आली की कशी सुसाट जातात! आम्ही म्हणतो, काय तयारी करून घेतलीय बाईंनी."

मला ते कौतुकच वाटलं. मी मान डोलावली आणि घरी आले.

ताई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. मी दारातूनच तोफ डागली. "ताई, तुमचा पिवळा आखूड आहे!"

"माझा?" ताईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "मी काय तो घरी विणून नेलाय?"

मग मी सगळं सांगितलं. नर्स, तिसरी पावती, फुटपाथवरची मोजणी, सगळं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळ्या सिग्नलना पिवळा एकाच मापाचा आहे. यंत्रावर लावतात तो, तोंडाने नाही. ऑफिससमोर तू रागात भराभर म्हणालीस म्हणून दोनदा झालं. चौकात चावीवाल्याशी गप्पा मारत म्हणालीस, म्हणून एकदा."

"गप्पा नंतर मारल्या!"

"नाचता येईना, अंगण वाकडं. गाडी थांबवता येईना, पिवळा तोकडा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी! एका गुणी पोरीच्या पोटावर पाय येतोय आणि तुम्ही म्हणी सुनावताय? तुम्हाला काय, टेबलावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या! कधी त्या गाडीत बसून बघितलंत? पिवळा कसा अंगावर येतो ते?"

"आपला तो बाळ्या," ताई म्हणाल्या, "आणि दुसऱ्याचं ते कार्टं. उद्या भाजीच्या टेम्पोवाल्याने लाल तोडला तर तू येशील का भांडायला? आईच्या जखमेची नर्स आहे म्हणून एवढा पुळका."

हे लागलं मला. खरं होतं म्हणूनच लागलं. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले की घरात सगळ्यांना धडकी भरते. आमचे हे चहाचा कप घेऊन हळूच मागच्या अंगणात सटकले. भावकीच्या युद्धात त्यांचं धोरण हेच.

ताईंनी कप खाली ठेवला. "बरं. सुनावणीच्या आधी जागेवर जाऊन पाहणी करायची मुभा आहे मला. बसते मी तिच्या गाडीत. जे दिसेल ते दिसेल, तुझी कोण आणि माझी कोण ते मी बघणार नाही. पण एक अट. तू पुढे बसायचंस आणि तोंडातून ब्र काढायचा नाहीस. तू बोललीस की तिला कळतं काय करायचं ते. मला ती एकटी कशी चालवते ते बघायचंय."

"नाही बोलणार," मी म्हटलं. आयुष्यात एवढी अवघड शपथ मी घेतलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या घरापासून निघालो. नर्स चाकावर, मी शेजारी ओठ शिवून, आणि मागच्या सीटवर पावतीताई, गणवेश कडक इस्त्रीचा, मांडीवर टोपी. नर्सचा चेहरा पांढराफटक. तिच्या जिवाचा फैसला मागे बसलेला, बिचारी आरशात तरी कशी बघणार? तरी बघितलं तिने. आधी आरसा, मग वळसा. मी मनात म्हटलं, शाब्बास.

गाडी छान चालवत होती हो पोरगी. गिअर मऊ, हात हलका. शाळेपाशी हळू झाली, एका म्हातारबुवांना रस्ता दिला. ताईंनी मागून नुसतं "हं" केलं, पण मी त्यांच्या "हं"ला वर्षानुवर्षं ओळखते. ते चांगलं "हं" होतं.

मग उतार लागला. खाली चौक, चौकात सिग्नल, हिरवा. गाडी उताराने आपोआप पळायला लागली. आणि आम्ही बऱ्याच लांब असतानाच पिवळा पेटला.

मी म्हटलं, आता बघा ताई. आता ही पाय उचलणार, ब्रेक लावणार, आणि तरीसुद्धा तुमचा तो लबाड दिवा...

गाडीने वेग घेतला.

मला वाटलं, उतार. मग इंजिन गरजलं, तेव्हा कळलं की उतार नाही, ही रेस देतेय! माझा उजवा पाय खाली ब्रेक शोधायला लागला. तिथे ब्रेक कुठला? ती माझी गाडी नव्हती. तोंड उघडायची सोय नाही, शपथ घेतलेली. मी नुसती दोन्ही हातांनी सीट धरून बसले. पण मागे बसलेल्यांनी कुठे शपथ घेतली होती?

"अगं, पाय उचल!" ताई कडाडल्या. "पाय उचल, पाय उचल!"

आणि नर्सने पाय जो दाबला, जो दाबला, की गाडी विजेसारखी सुटली. ताई मागच्या मागे आपटल्या, टोपी उडाली. लाल झाला, पांढरी रेघ गेली, वर कॅमेरा लकाकला, आणि आम्ही चौकाच्या पलीकडे. नशीब बलवत्तर म्हणून आडवं कुणी आलं नाही. चावीवाला तेवढा उभा राहून हात हलवत होता.

नर्सने गाडी कडेला घेतली. व्यवस्थित, सिग्नल देऊन. मग तिने मागे वळून बघितलं, धापा टाकत. "जमलं नाही ताई, झालाच लाल. तरी तुम्ही म्हणालात तेवढा उचलला हो पाय!"

ताईंची टोपी माझ्या पायाशी आली होती.

"तू," ताई एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाल्या, "पाय उचल म्हणजे काय समजतेस?"

"पाय उचल म्हणजे... पाय उचल. लवकर कर, झपझप हो." नर्स गोंधळली होती. "वॉर्डात आमच्या मोठ्या सिस्टर दिवसभर तेच ओरडायच्या. पाय उचला गं पोरींनो, पेशंट खोळंबलेत. आणि मॅडमनी शिकवलंय ना, पिवळा दिसला की पाय उचल. म्हणजे लाल व्हायच्या आत निसटायचं."

कप्पाळ माझं! अहो, रेसवरचा पाय उचल! रेसवरचा! हे मी मनात ओरडले, कारण शपथ होती ना. मला क्लासमधले सगळे दिवस आठवले. पिवळा दिसला की मी म्हणायची "पाय उचल," आणि सवयीने माझ्या बाजूचा ब्रेक मीच दाबून टाकायची. गाडी थांबायची. इंजिन गुरगुरायचं खरं, पण मला वाटायचं, क्लच कच्चा आहे पोरीचा.

"आणि गाडी थांबायची तेव्हा तुला काय वाटायचं?" मी शेवटी विचारलं. शपथ गेली खड्ड्यात.

"मला वाटायचं मी पाय कमी उचलला. म्हणून पुढच्या वेळी अजून जोरात उचलायची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "परीक्षेच्या दिवशी मेला एकही पिवळा लागला नाही, मॅडम. सगळे हिरवेच मिळाले. किती आनंद झाला होता आपल्याला!"

मागून एक विचित्र आवाज आला. मी वळून बघितलं तर ताई हसत होत्या. तोंडावर हात दाबून, खांदे गदागदा हलवत, गणवेशासकट. मी ताईंना असं हसताना लग्नापासून बघितलेलं नव्हतं. मग मला हसू फुटलं, आणि नर्स बिचारी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत रडत रडतच हसायला लागली.

"मला शिकवलंस तेव्हा," ताई डोळे पुसत म्हणाल्या, "तू अख्खं वाक्य म्हणायचीस. पिवळा दिसला की रेसवरचा पाय उचल आणि ब्रेकवर ठेव. नंतर तुला आळस आला. वाक्य आखडलं. पिवळा नाही आखूड बाई, तुझं वाक्य आखूड!"

एरवी मी सोडलं नसतं. पण त्या दिवशी पायाशी पडलेली टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली. आणि हसू ओसरल्यावर मला चावीवाल्याचं कौतुक आठवलं. "तुमच्या क्लासची मंडळी कशी सुसाट जातात." म्हणजे ही एकटी नव्हती!

ताईंचंही हसू थांबलं होतं. त्या खिडकीतून मागे, त्या उताराकडे बघत होत्या. "आता ही चौथी झाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फोटो निघालाय."

सुनावणीच्या दिवशी ऑफिसात गेलो तर ताईंची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीत त्यांचे साहेब बसलेले, पोट सुटलेले, चष्मा कपाळावर. आणि ताई टेबलाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, साध्या लाकडी स्टुलावर. मी म्हटलं, हे काय नवीन?

"साहेब," ताई उभ्या राहिल्या, "या केसचा निकाल मी देऊ शकत नाही. एक तर या क्लासवाल्या बाई माझ्या भावजय आहेत. दुसरं म्हणजे मी साक्षीदार आहे. चौथा फोटो बघा."

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि फोटो बघितला. पुढे नर्स, डोळे विस्फारलेले. शेजारी मी, कुठलं तरी भूत बघितल्यासारखी. आणि मागे ताई, लख्ख, तोंड आ वासलेलं, एक हात वर, टोपी हवेत. साहेब बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या, पण हुद्द्याची लाज राखली त्यांनी.

ताईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. "गाडी वेग घेतेय हे दिसल्यावर मी ओरडले. माझ्या ओरडण्याने ती थांबायची ती अजून पळाली. चूक शब्दांची आहे, हेतूची नाही. आणि अजून एक. मी इतकी वर्षं टेबलावर फोटो बघते. फोटोत उतार दिसत नाही. गाडीत बसले तेव्हा तो कंबरेला कळला. त्या बाजूने येणाऱ्याला थांबायला जास्त जागा लागते, आणि आपण पिवळा सगळीकडे सारखाच ठेवलाय. हे मला आधी कळायला हवं होतं."

मी ताईंकडे बघतच राहिले. माझ्यासमोर, साहेबांसमोर, ऑफिसातल्या चार लोकांसमोर ही बाई आपलं चुकलं म्हणते? माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी पण उभी राहिले. "साहेब, वाक्य माझं आहे. पावती माझ्या नावावर फाडा."

"वाक्यावर पावती फाडायची सोय कायद्यात नाही हो," साहेब म्हणाले. मग हनुवटी खाजवली. "पण मला एक कळत नाही. पाय उचल म्हटल्यावर साधारण माणूस काय करील? कुणी म्हणेल ही पोरगी आता बनवाबनवी करतेय."

नर्सचा चेहरा उतरला. सगळं जमत आलं होतं आणि आता हे!

ताईंनी दाराकडे बघितलं. दारात ऑफिसचा शिपाई चहाचा रिकामा ट्रे घेऊन रेंगाळत होता, कान इकडेच. ताईंनी नुसतं म्हटलं, "अहो, पाय उचला जरा."

"आणतो ताई, आणतो, उकळतोय!" म्हणत शिपाई जो पळाला, त्याची चप्पल दारातच राहिली.

मग मात्र साहेबांचा हुद्दा कोसळला. ते टेबलावर डोकं टेकून हसले. टंकलेखन करणारी बाई हसली, खिडकीतून डोकावणारे दोघे हसले. चहा घेऊन परत आलेल्या शिपायाला कळेना की झालं काय, तोही मग हसला.

साहेबांनी निकाल सांगितला. पहिल्या दोन पावत्या नर्सने भरल्यात, त्या तशाच राहतील. तिसरीऐवजी सक्त ताकीद, मात्र तिला पुन्हा नीट शिकवायची आणि ट्रॅफिक ऑफिससमोर थांबून दाखवायचं. लायसन्स राहील. माझ्याकडे शिकलेल्या सगळ्यांना मी एकेक तास फुकट परत बोलवायचं आणि ते वाक्य त्यांच्या डोक्यातून काढायचं. उताराचा पिवळा वाढवायचं पत्र ताईंनीच लिहायचं.

"आणि चौथी?" ताईंनी विचारलं.

"चौथी सोडून द्या हो. पाहणीत झालं ते."

"लाल तुटलाय, साहेब. फोटो आहे. पावती फाडावी लागेल."

नर्सने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता ह्या बाईचा गळा दाबावा! एवढं सगळं करून शेवटी...

ताईंनी पावतीपुस्तक ओढलं आणि लिहायला बसल्या. गाडीत बसून चालकाला चुकीचा हुकूम देणे. नाव लिहिलं ते स्वतःचं. टर्रकन फाडली, अर्धी पुस्तकात ठेवली, अर्धी स्वतःच्या पर्समध्ये टाकली, आणि मला म्हणाल्या, "चल, घरी दूध ठेवायचंय तापायला."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पावतीताईंनी स्वतःचीच पावती फाडली. आमचे हे तेवढे खूश, कारण घरात पावतीवाले आता ते एकटे राहिले नव्हते. ताईंची ती पावती ह्यांनी फ्रिजवर चिकटवली. ताईंनी ती काढली नाही.

मी नवीन वाक्य केलं. "पिवळा म्हणजे दम धर." परत आलेल्यांपैकी सलूनवाल्याने पहिल्याच पिवळ्याला गाल फुगवून श्वास धरला तो हिरवा होईस्तोवर सोडलाच नाही, चेहरा वांग्यासारखा जांभळा. पण गाडी थांबली होती, आणि मला तेवढंच पुरे होतं.

नर्सची मात्र मी पाठच सोडली नाही. रोज सकाळी मैदानात नेऊन घोटून घेतलं. "पाय उचल म्हटलं की काय?" "पाय वर, मॅडम!" "नक्की?" "नक्की!" मधेच कधीही ओरडायची मी, "पाय उचल," आणि ती चटकन पाय वर घ्यायची. बेसिनपाशी हात धुताना जरी कुणी म्हणालं तरी तिचा पाय वर जायला लागला, तेव्हा मी म्हटलं, झाली पोरगी तयार.

परवा मी आईकडे गेले तेव्हा नर्स पट्टी बदलत होती. जखमेची आता नुसती गुलाबी रेघ राहिलीय. मी आईला सगळी हकीकत सांगितली, चावीवाल्यापासून टोपीपर्यंत. मला वाटलं, हसेल. आई हसली नाही.

"अगं, शाळेला उशीर झाला की मी तुला दारातून रोज काय ओरडायचे?"

मी आठवायला लागले.

"पाय उचल, पाय उचल," आई म्हणाली. "आणि तू काय करायचीस? धूम ठोकायचीस. तुला नाही का सुचलं हे, एवढी मोठी मास्तरीण झालीस ती?"

नर्सने खाली मान घालून हसू लपवलं, सामान आवरलं, आईचा पाय उशीवर नीट ठेवला आणि निघाली. आई खिडकीतून तिला बघायला वाकली. रोज वाकते. नर्स गाडीत बसली, आरसा बघितला, गिअर टाकला. गाडी हलायला लागली.

"पोरी, पाय उचल गं!" आईने मायेने हाक दिली. "पुढचे वाट बघत असतील!"

नर्सने दोन्ही पाय उचलले. क्लचवरचासुद्धा. गाडीने एक जोरदार आचका दिला आणि जागच्या जागी बंद पडली.

आई सावकाश माझ्याकडे वळली.

"हिला गाडी कुणी शिकवली गं?"